हिरडा, शेकरू आणि रानाकाठची गावे

वनसंरक्षणाचा पाठ शिकविताना पुष्कळदा असे चित्र उभे केले जाते की, एका बाजूस वने व वन्य प्राणी आहेत, दुसऱ्या बाजूस कुऱ्हाड घेतलेला माणूस आहे आणि मध्ये कायद्याचे कुंपण आहे. हे चित्र मुलांस चटकन समजते. परंतु रानाकाठच्या शाळेत ते शिकविणे जड जाते. त्या वर्गातील मुलाच्या घरची चूल रानातील काटक्यांवर पेटते आणि त्याच्या वह्या पुष्कळदा हिरड्याच्या पैशातून येतात. आपले आईबाप रानाचे वैरी आहेत, असे त्या मुलाने समजावे काय? आपल्याच जिल्ह्यातील भीमाशंकर अभयारण्याच्या उदाहरणाने या प्रश्नाचा विचार करू.

खेड तालुक्याच्या पूर्व अंगास चाकणची कारखानदारी आहे व पश्चिम अंगास सह्याद्रीचे घनदाट रान आहे. एकाच तालुक्याची ही दोन टोके आहेत आणि पाण्याने ती जोडलेली आहेत. भीमा नदी भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते व खाली चासकमान धरणात अडते. भामा नदीही याच तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरांतून येते. भामा-आसखेड धरणातील तिचे पाणी पुणे शहराच्या पूर्व भागापर्यंत पोहोचते. डोंगरावरील रान टिकले, तर पावसाचे पाणी जमिनीत मुरून नद्यांना सावकाश मिळत राहते आणि धरणात गाळ कमी येतो. तेव्हा ज्या मुलाने भीमाशंकर कधी पाहिले नाही, त्याच्याही जीवनाशी त्या रानाचा संबंध आहे.

भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर असून ते पुणे, ठाणे व रायगड या तीन जिल्ह्यांत पसरले आहे. शेकरू हे या रानाचे भूषण होय. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेली ही मोठी, झुपकेदार शेपटीची खार क्वचितच जमिनीवर उतरते. ती आंबा, जांभूळ यांसारख्या उंच झाडांच्या शेंड्यांत काटक्यापानांची गोल घरटी बांधते व फांदीवरून फांदीवर उड्या घेत अन्न शोधते. म्हणून झाडे असणे एवढ्याने शेकरूचे भागत नाही. त्यांचे शेंडे एकमेकांस भिडलेले असावे लागतात. मध्ये मोकळी जागा पडली की, शेकरूची वाट तुटली असे समजावे.

याच रानाच्या आश्रयाने महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्या वाड्या वसल्या आहेत. येथील शेती मुख्यतः पावसाळी भाताची व नाचणी-वरईची. घरचे धान्य वर्षभर पुरत नाही. ही तूट भरून काढण्यास ज्याचा मोठा आधार होतो, तो हिरडा. उन्हाळ्यात झाडावरील कोवळी फळे पाडून वाळवितात. त्यास बाळहिरडा म्हणतात. हिरडा, बेहडा व आवळा मिळून त्रिफळा होतो, हे सर्वांस ठाऊक आहे. शिवाय हिरड्यातील तुरट द्रव्य कातडी कमाविण्यास व रंग करण्यास उपयोगी पडते. त्यामुळे या फळाला गावाबाहेर दूरवर गिऱ्हाईक असते.

आता येथील हिशेब पाहावा. झाड तोडून लाकूड वा कोळसा विकला, तर पैसा एकदाच मिळतो. तेच झाड राखले, तर ते वर्षानुवर्षे फळ देते आणि पुढे मुलांनाही देते. म्हणून हिरड्याचे झाड मालकीच्या बांधावर असो वा रानात असो, गावकरी त्यास सहसा हात लावीत नाहीत. त्यांच्या या हिशेबात शेकरूचे नाव कोठेच नसते. तरीही राखलेल्या प्रत्येक झाडामुळे त्याची वाट शाबूत राहते. देवराईचेही असेच आहे. देवाच्या नावाने राखलेल्या राईत कुऱ्हाड चालवावयाची नाही, हा दंडक गावांनी कोणत्याही सरकारी कायद्याच्या कितीतरी आधीपासून पाळला आहे.

परंतु माणसाच्या प्रत्येक व्यवहाराने रानाचे भलेच होते, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. भाताचे रोप टाकण्यापूर्वी जमिनीवर फांद्या, पाला, गवत व शेण पसरून भाजतात, त्यास राब म्हणतात. त्याने तणाचे बी मरते व रोपास राख मिळते; पण त्यासाठी दरवर्षी झाडांच्या फांद्या छाटल्या जातात. झाड उभे राहते, मात्र त्याचा शेंडा जातो व वर सांगितलेली शेकरूची वाट तुटते. यावर उपाय आहे. चारसूत्री भातलागवडीत रोपवाटिकेस भाताच्या तुसाची काळी राख वापरतात आणि बांधावर लावलेल्या गिरिपुष्पाचा पाला खत म्हणून शेतात घालतात. शेतकऱ्याची गरज शेताच्या बांधावर भागली, म्हणजे रानावरील भार आपोआप हलका होतो.

पडकई हे दुसरे उदाहरण होय. डोंगरउतारावर दगडमातीच्या ताली घालून भातखाचरे तयार करावयाची व हे काम सर्वांनी मिळून आळीपाळीने एकमेकांच्या शेतावर करावयाचे, ही येथील जुनी रीत आहे. आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण झाले, तेव्हा अनेक आदिवासी कुटुंबांच्या खालच्या अंगाच्या चांगल्या जमिनी पाण्याखाली गेल्या. त्या भागात ‘शाश्वत’ या संस्थेने लोकांबरोबर पडकईची कामे केली आणि जलाशयात मासेमारी करणाऱ्या आदिवासींची सहकारी संस्था उभी राहण्यास साहाय्य केले. या कार्यास २०१२ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमातर्फे दिले जाणारे इक्वेटर पारितोषिक मिळाले. उतारावर माती ठरली व जलाशयातून रोजी मिळाली, तर रान मोडून नवे शेत करण्याची निकड तितकी कमी होते.

कायद्यानेही या बाबतीत बराच प्रवास केला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यांस संरक्षण दिले. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने अभयारण्यांतून वाळलेली, पडलेली झाडे व गवतही नेण्यास मनाई केली. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या रानात राहणाऱ्यांचे हक्क मान्य केले. गौण वनोपज गोळा करून विकण्याचा हक्क त्यांत आहे व तो अभयारण्यातील जमिनीसही लागू होतो. त्याच कायद्याने वन्य प्राणी, वने व जैवविविधता यांच्या रक्षणाचा अधिकार हक्कधारकांस व ग्रामसभेस दिला आहे. हक्क आणि राखण ही एकाच हाती सोपविलेली आहेत, हे ध्यानात घ्यावे.

तथापि कागदावरील हक्काने पोट भरत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातील हिरड्याची मोठी हानी केली. शेतातील पिकाची भरपाई मागता येते. पण हिरड्याच्या भरपाईसाठी आदिवासी शेतकऱ्यांना पुढे कित्येक वर्षे आंदोलने करावी लागली. ज्या झाडाचे फळ हिशेबात धरले जात नाही, ते झाड राखण्याची उमेद माणसाने किती दिवस धरावी? उमेद सुटलेला तरुण चाकणची वाट धरतो. त्यात गैर काही नाही. परंतु मागे राहिलेल्या झाडाची राखण मग कोण करणार, हा प्रश्न उरतोच.

येथे शिक्षकाचे काम सुरू होते. परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांकडून गावाच्या शिवारातील हिरड्याच्या झाडांची व शेकरूच्या घरट्यांची नोंद करवून घ्यावी. घरट्यास मात्र हात लावू देऊ नये. एक शेर ओला हिरडा वाळून किती भरतो, हे रोज वजन करून मुलांनी वहीत लिहावे. ओला विकणे व वाळवून विकणे यांतील फरक त्यांस गणिताच्याच तासाला कळेल. देवराईची हकीकत आजी-आजोबांकडून लिहून आणावी. हिरड्याच्या हंगामात मुले घरी राहतात. तेव्हा नुसता गैरहजेरीचा शेरा न मारता पालकांस भेटून शाळेची वेळ व रानातील वेळ यांचा मेळ घालून पाहावा. ग्रामसभेत वनहक्काचा विषय निघाल्यास ही नोंदवही उपयोगी पडेल.

सपाटीवरील शिक्षकांनी हाच पाठ नदीच्या वाटेने उलट शिकवावा. वर्गातील माठापासून निघावे, धरणापर्यंत जावे व तेथून डोंगरावरील हिरड्याच्या झाडापर्यंत चढावे. त्या झाडाखाली उभ्या असलेल्या कुटुंबाचा पोटाचा प्रश्न आपल्या माठातील पाण्याशी जोडलेला आहे, हे मुलांनी स्वतः शोधून काढले, तर वनसंरक्षणाचा पाठ पुरा झाला असे समजावे.