कीटकांना नाक नाही, मग वास कळतो कसा?

मुदखेड तालुक्याला लोक फुलांचा तालुका म्हणून ओळखतात. फुलांच्या जोडीला केळीच्या बागा आहेत आणि काळ्या रानात कापूस आहे. आपण तिथून जातो तेव्हा फुलांचा वास तेवढा आपल्याला जाणवतो. पण त्याच रानात आपल्यापेक्षा कितीतरी तिखट नाकाचे जीव वावरत असतात आणि गंमत अशी, की त्यांना नाक नावाचा अवयवच नसतो.

केळीची फणी घरात पिकायला ठेवून पाहा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चिलटे हजर! त्यांना पत्ता कोणी दिला? तो दिला त्यांच्या डोक्यावरच्या दोन मिशांनी. या मिशांवर भिंगाशिवाय न दिसणारे बारीक केस असतात. केस आतून पोकळ असतो आणि त्याच्या भिंतीला सुईच्या टोकाहूनही कितीतरी लहान छिद्रे असतात. हवेतून आलेला वासाचा कण छिद्रातून आत शिरतो, आतल्या पाण्यासारख्या रसातून मज्जातंतूपर्यंत पोचतो आणि कुलपात किल्ली बसावी तसा तिथे बसतो. बसला की मेंदूला खबर जाते. प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी. चिलटाची ही 'कुलपे' नेमकी कोणती, ते १९९९ साली शास्त्रज्ञांना सापडले.

मिशा ऐकून पुष्कळांना माहीत असतात. तोंडाची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. कीटकाच्या तोंडाशेजारी बोटांसारखी छोटी जोडी असते, तिला पाल्प म्हणतात. ती चव घेण्यासाठी असावी असे आपल्याला वाटेल. पण तिच्यावरही वास घेणारे केस असतात. चिलटाच्या एकेका मिशीवर वास घेणाऱ्या सुमारे १२०० पेशी, तर एकेका पाल्पवर सुमारे १२०. मिशा गेल्या तरी चिलट पुरते बिननाकाचे होत नाही, ते या पाल्पमुळे.

या शोधातला मोठा वाटा आपल्या मुंबईचा आहे, हे वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी चिलटांच्या वास घेण्याचा अभ्यास सुरू केला. मूळ गोव्याच्या कुटुंबातील, केनियात जन्मलेल्या वेरोनिका रॉड्रिग्ज त्यांच्याकडे शिकायला आल्या. इंग्रजी वाय अक्षरासारख्या नळीत चिलटे सोडायची, एका फाट्यात वास ठेवायचा आणि कोण कुठे वळते ते मोजायचे. ज्यांना वासच कळत नाही अशी चिलटे वेगळी काढून त्यांच्या आनुवंशिकतेत काय बिघडले ते शोधायचे. या दोघांचा निबंध १९७८ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९८५ मध्ये याच संस्थेतील सिंग आणि नायक यांनी पाल्पवरच्या केसांचे मज्जातंतू मेंदूत कुठे जातात, तेही दाखवले. चिलटासारख्या क्षुल्लक जिवावर एवढी वर्षे घालवायची कशाला, असा प्रश्न मनात येईल. त्याचे उत्तर आपल्या अंथरुणापाशी मिळते. डासाची मादी आपल्याला शोधते ती आपल्या उच्छ्वासातल्या कर्बवायूवरून, आणि तो वायू ती टिपते पाल्पने! जवळ आल्यावर घामाचा वास मिशांना कळतो. अंधारात डास बरोबर आपल्याकडेच येतो तो असा.

आता कापसाकडे वळू. गुलाबी बोंडअळीचा पतंग रात्री उडतो. मादी पोटाच्या टोकाकडून एक गंध सोडते आणि नराच्या मिशा तो अगदी थोडाही असला तरी ओळखतात. असा मादीचा गंध प्रथम रेशमाच्या पतंगात ओळखला गेला. जर्मनीत बुटेनांट यांनी १९५९ साली तो वेगळा केला, त्यासाठी सुमारे पाच लाख पतंग लागले. बोंडअळीच्या पतंगाचा गंध १९७३ मध्ये कळला. आज तो कारखान्यात तयार होतो आणि रबराच्या लहानशा गोळीत भरून मिळतो. तिला ल्यूर म्हणतात. ती लावलेला सापळा म्हणजे कामगंध सापळा. मादी समजून नर येतो आणि अडकतो.

एकरी दोन सापळे, पिकाच्या एक-दीड फूट वर. लागोपाठ तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले, तर उपाय करायची वेळ आली असे समजतात. सापळ्याने अळी संपते असे कोणी सांगितले तर मात्र विश्वास ठेवू नये. उरलेला एक नरही अनेक माद्यांना पुरतो. एवढ्या सापळ्यांचे काम खबर देण्याचे.

पण ही खबर लाखमोलाची आहे. फवारा पाठीवर कोण घेतो? बहुतेक वेळा मजूर. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. बीटी कापसाला गुलाबी अळी जुमानत नाही असे दिसल्यापासून फवारण्या वाढल्या आहेत. सापळ्यात पतंग नसताना केवळ शेजाऱ्याने मारले म्हणून बोंडअळीचे औषध मारायचे, याला काय म्हणावे? रोजाने फवारायला जाणाऱ्या भावांनी पंप उचलण्याआधी मालकाला एवढे जरूर विचारावे : सापळ्यात किती सापडले?

ल्यूर लावताना हाताला तंबाखूचा, कांद्याचा वास नको. गोळीचा वास दोन-तीन आठवड्यांत उतरतो, मग ती बदलावी लागते. महिनाभर जुनी गोळी टांगलेला सापळा रिकामा दिसला, तर त्याचा अर्थ रानात पतंग नाहीत असा नव्हे.