कवितेकडून कारभाराकडे : खेर्ट बूर्झ्वा यांची राजकीय वाटचाल

फ्लेमिश चळवळीचा उगम साहित्यात आहे. हेन्द्रिक कॉन्सियन्स यांच्या १८३८ मधील ऐतिहासिक कादंबरीने डच भाषक बेल्जियन वाचकाला स्वत्वाची जाणीव दिली. पश्चिम फ्लांडर्समधील रूसेलारे येथे कवी खीडो खेझेल अध्यापन करीत, आणि तेथेच अल्पायुषी कवी आल्ब्रेख्त रोडेनबाख यांनी विद्यार्थ्यांची चळवळ उभी केली. याच गावी १९५१ मध्ये खेर्ट बूर्झ्वा यांचा जन्म झाला. (आडनाव मात्र फ्रेंच आहे, भाषिक सीमा कायद्याने आखता येते, आडनावे ती पाळत नाहीत.)

पेशाने वकील असलेले बूर्झ्वा १९९५ मध्ये संघीय संसदेत गेले आणि २००० मध्ये फोल्क्सयुनी या पक्षाचे अध्यक्ष झाले. प्रदेशांना अधिक अधिकार देणारा लांबेरमाँ करार त्यांना अपुरा वाटला. पक्षाने तो स्वीकारला, तेव्हा त्यांनी अध्यक्षपद सोडले. २००१ च्या सदस्य-मतदानात त्यांच्या गटाला सुमारे ४७ टक्के मते पडली. ती सर्वाधिक होती, पण बहुमत नव्हते. म्हणून संघटना त्यांच्याकडे राहिली, तरी जुने नाव गेले आणि 'न्यू फ्लेमिश आघाडी' जन्मली. २००३ च्या निवडणुकीत पाच टक्क्यांच्या अटीमुळे या पक्षाला एकच जागा मिळाली, ती पश्चिम फ्लांडर्समधून बूर्झ्वा यांची. तडजोड नाकारून उभा राहिलेला हा पक्ष पुढच्याच वर्षी ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांशी युती करून तगला, हा विरोधाभास दुर्लक्षिण्याजोगा नाही. २००४ मध्ये बूर्झ्वा फ्लेमिश सरकारात मंत्री झाले. २००८ मध्ये युती तुटताच त्यांना पद सोडावे लागले. २००९ मध्ये ते मंत्रिमंडळात परतले.

२०१४ ते २०१९ या काळात ते फ्लांडर्सचे मंत्री-अध्यक्ष होते. या पदाला आपल्याकडील मुख्यमंत्रिपदाच्या मापाने मोजणे फसवे ठरेल. बेल्जियममधील प्रदेश आपल्या अधिकारातील विषयांवर परराष्ट्रांशी करार करू शकतात. २०१६ मध्ये वालोनियाने युरोप-कॅनडा व्यापारकरार काही काळ रोखून धरला होता, तर फ्लेमिश सरकार त्याच्या बाजूने होते. स्वतंत्र फ्लांडर्स हे पक्षाचे घोषित ध्येय. त्याच्या पहिल्या मंत्री-अध्यक्षाचा काळ मात्र अंदाजपत्रक आणि प्रशासन यांतच मुख्यतः गेला. कविपरंपरेतील 'फ्लेमिश' हे विशेषण येथे सरकारी खात्यांच्या पाटीवर येऊन स्थिरावलेले दिसते.

पुढे ते युरोपीय संसदेत गेले. भारताशी व्यापार व गुंतवणूक सहकार्य या विषयावरील तिच्या २०२२ च्या अहवालाचे प्रतिवेदक तेच होते.