एटीव्हीच्या ब्रेकमधली हवा: पंप मारून ती निघत नाही

एटीव्हीचा पुढचा ब्रेक दाबला आणि लिव्हर थेट ग्रिपला येऊन टेकला, की पहिला सल्ला ठरलेला असतो: भराभर पंप मार, हवा निघून जाईल. पंप मारल्यावर लिव्हर कडक होतोही, म्हणून हा समज पक्का बसला आहे. हवा मात्र आतच असते. प्रत्येक दाबाबरोबर लिव्हरजवळचा मास्टर सिलिंडर थोडे जादा ऑइल नळीत ढकलतो, आतली हवा आवळली जाते आणि लिव्हर तेवढ्यापुरता उभा राहतो. जरा थांबून पुन्हा दाबला की तोच मऊपणा. द्रव जवळजवळ दबत नाही, हवा सहज दबते. बोटांचा जोर पॅडपर्यंत पोचायच्या ऐवजी बुडबुडे आवळण्यातच जातो. शिवाय भराभर पंप मारल्याने मोठ्या बुडबुड्याचे बारीक बुडबुडे होतात आणि ते काढणे आणखी कठीण जाते.

हवा काढण्याची पद्धत उलट, सावकाश आहे. चाकाजवळ पॅड दाबणाऱ्या कॅलिपरवर हवा काढायचे निपल असते. त्यावरचा चिखल आधी ब्रशने साफ करायचा, त्यावर पारदर्शक नळी चढवून तिचे दुसरे टोक थोड्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवायचे. लिव्हर दाबून धरायचा, रिंग पान्याने निपल पाव-अर्धा फेरा सैल करायचे, लिव्हर खाली बसला की निपल आवळायचे आणि मगच लिव्हर सोडायचा. हा क्रम चुकला, निपल उघडे असताना लिव्हर सुटला, की काढलेली हवा परत आत. हँडलवरची ऑइलची टाकी इतकी लहान असते की थोड्याच दाबांत तिचा तळ दिसू लागतो. त्यामुळे झाकण काढून ती सतत भरलेली ठेवावी लागते.

एवढे नीट करूनही ब्रेक मऊच राहिला, तर बहुतेक जण आणखी एक बाटली ऑइल ओततात. माझ्या मते इथे थांबून गाडीकडे नीट पाहायला हवे. हवा वर जाते, आणि ब्रेकच्या मार्गात जिथे उंचवटा असेल तिथे जाऊन बसते. पहिली तपासायची जागा म्हणजे कॅलिपर. निपल कॅलिपरच्या सर्वांत वरच्या टोकाला असायला हवे. सील बदलायला दोन्ही पुढचे कॅलिपर एकदम उतरवले आणि बसवताना डावा उजवीकडे गेला, तर निपल खाली येते. मग कितीही ऑइल वाहवा, हवेचा बुडबुडा निपलच्या वर निवांत बसून राहतो. कॅलिपर अदलाबदल करून लावणे हाच त्यावर उपाय.

दुसरी जागा मास्टर सिलिंडरजवळचा बँजो बोल्ट, जिथे नळी जोडलेली असते. हँडलच्या उतारामुळे हाच भाग अनेकदा टाकीकडे जाणाऱ्या छिद्रापेक्षा उंच राहतो आणि खाली कॅलिपरकडून कितीही ऑइल काढले तरी इथली हवा हलत नाही. पुढच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर उजवीकडे असतो. हँडल डावीकडे वळवले की तो थोडा वर उचलला जातो. लिव्हर दाबून धरून, फडके गुंडाळून, हा बोल्ट क्षणभर किंचित सैल केला तरी अडकलेली हवा फसफसत बाहेर येते. तरीही दाद मिळाली नाही तर सिरिंजने निपलमधून नवे ऑइल खालून वर ढकलावे. हवेला जायचे असते त्याच दिशेने तिला नेणारी ही पद्धत मला सर्वांत पटते. फक्त टाकी आधी अर्धी रिकामी करावी, नाहीतर ऑइल ओसंडून रंगावर जाते आणि रंग सोलवटतो. सांडलेच तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

निपलला व्हॅक्युम पंप लावून ऑइल ओढणाऱ्यांची तक्रार वेगळी असते: बुडबुडे संपतच नाहीत. पुष्कळदा ते ब्रेकमधले नसतातच. निपल सैल केले की त्याच्या आट्यांमधून बाहेरची हवा पंपाकडे ओढली जाते. त्यामुळे नळीतल्या बुडबुड्यांवर भरवसा न ठेवता शेवटचे दोन-चार दाब हातानेच मारून पाहावेत.

हवा निघावी म्हणून लिव्हर रात्रभर हँडलला बांधून ठेवण्याची युक्ती पूर्ण खोटी नाही, पण तिच्याकडून अपेक्षा फार असतात. लिव्हर दाबलेला असताना टाकीकडे जाणारे बारीक छिद्र बंद झालेले असते, म्हणजे त्या वेळी हवा टाकीत जाऊच शकत नाही. लिव्हर सोडल्यावर वर गोळा झालेले थोडे बुडबुडे निसटतात. उलटा बसवलेला कॅलिपर यातून सुधारत नाही.

आता ऑइलबद्दल. कुठलेही तेल चालते, हा समज सर्वांत महागात पडतो. डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 ही ऑइले ग्लायकॉल जातीची. त्यांच्या जागी इंजिन ऑइल किंवा खनिज तेल टाकले तर रबरी सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. शिमानोच्या सायकल ब्रेकमध्ये खनिज तेलच असते, पण ते सील वेगळे. डॉट 5 हे सिलिकॉनचे असते आणि 5.1 मध्ये मिसळत नाही. टाकीच्या झाकणावर लिहिलेले असेल तेच घालावे.

ग्लायकॉलचे ऑइल हवेतली आर्द्रता शोषते. डॉट 4 चा किमान उत्कलनबिंदू नवे असताना 230 अंश सेल्सिअस, तर पाणी मुरल्यावर, प्रमाणित चाचणीत, 155 अंश धरला जातो. लांब उतारावर ब्रेक तापून मऊ होतो आणि गार झाल्यावर पुन्हा ठीक वाटतो, तेव्हा आत अडकलेली हवा नव्हे, मुरलेल्या पाण्याची वाफ झालेली असू शकते. अशा वेळी नुसते बुडबुडे न शोधता सगळे ऑइल बदलावे. बहुतेक कंपन्या ते दर 2 वर्षांनी बदलायला सांगतात. कपाटात उघडी पडलेली अर्धी बाटली यासाठी वापरू नये.

टाकीतली पातळी उतरली म्हणजे गळतीच, असेही नाही. पॅड झिजतात तसे पिस्टन पुढे सरकतात आणि त्यामागची जागा ऑइल भरून काढते.

लिव्हर एकसारखा दाबून धरल्यावर हळूहळू आत जात राहिला, तर हवेवर संशय घेण्याआधी बाहेर गळती आहे का पाहावे. नसेल तर मास्टर सिलिंडरचा सील गेला असावा. फुगणारी जुनी रबरी नळी, वाकडी डिस्क, चाकाच्या बेअरिंगमधला खेळ यांनीही लिव्हर लांब जातो. यातले काहीही हवा काढून बरे होत नाही.

काम झाल्यावर लिव्हर पूर्ण जोराने दाबून धरावा आणि प्रत्येक जोडावर ओल दिसते का ते पाहावे. मग सपाट मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगाने, ब्रेक लावून पाहावा. काढलेले ऑइल परत टाकीत घालू नये, मोरीतही ओतू नये. बंद बाटलीत भरून जुने ऑइल स्वीकारणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे.