भिंतीआडचा वारा : घरातील वातवाहिन्या आणि त्यांची स्वच्छता

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिनेसोटा राज्यात ऐन हिवाळ्यात रात्रीचे उष्णतामान शून्याखाली २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरणे ही नवलाची गोष्ट नव्हे. बाहेर सरोवरे गोठलेली असतात; परंतु घरात मुले साधे सुती कपडे घालून अभ्यासाला बसलेली दिसतात. खोलीत शेगडी नसते, धूरही नसतो. जमिनीलगत एक धातूची जाळी असते आणि तिच्यातून उबदार वारा मंदपणे वर येत असतो. उन्हाळ्यात त्याच जाळीतून थंड वारा येतो. हा वारा कोठून येतो, वाटेत त्याला काय काय भेटते, आणि ज्या वाटेने तो येतो ती वाट मुद्दाम झाडून काढण्याची आवश्यकता असते काय, या प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु घरात दम्याने कासावीस होणारे मूल असले आणि ‘तुमच्या भिंतीतील नळांत साचलेली धूळच या दुखण्याचे मूळ आहे’ असे कोणी दारात येऊन सांगितले, तर आईबापांच्या दृष्टीने तो मुळीच किरकोळ राहत नाही. अशा वेळी केवळ पैशाचा प्रश्न नसतो. दुखण्याचे खरे कारण एकीकडे राहून उपाय भलतीकडेच होतो की काय, ही त्यातील अधिक गंभीर बाजू होय.

वाऱ्याची वाट

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील अनेक घरांच्या तळघरात कोळशाची मोठी भट्टी असे. तापलेली हवा हलकी होऊन रुंद नळांतून आपोआप वरच्या खोल्यांत जाई व थंड झालेली हवा खाली उतरे. पुढे विजेचा पंखा आला आणि हवेला तिच्या स्वभावावर न सोडता हव्या त्या दिशेने ढकलणे शक्य झाले. थंड हवेची व्यवस्था याहून निराळ्या गरजेतून जन्मास आली. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगे व रंगीत छपाईचे ठसे एकमेकांवर नीट बसत नसत. ही अडचण दूर करण्यासाठी विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने हवेतील ओलावा आटोक्यात ठेवणारी यंत्रणा आखली. आधुनिक वातानुकूलनाचा प्रारंभ येथून मानला जातो. हवेतील पाण्याचा हा संबंध वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तोच महत्त्वाचा ठरणार आहे.

आजच्या अमेरिकी घरात सामान्यतः भट्टी व शीतक यंत्र एकाच मार्गावर बसविलेले असतात. खोल्यांतील हवा एका जाळीतून आत ओढली जाते. ती गाळणीतून पंख्याकडे, पंख्याकडून तापलेल्या धातूच्या कोशावरून किंवा थंड नळ्यांच्या वेटोळ्यावरून, आणि तेथून पत्र्याच्या पोकळ नळांतून निरनिराळ्या खोल्यांत जाते. या नळांना इंग्रजीत डक्ट म्हणतात. आपण त्यांना वातवाहिन्या म्हणू. खोलीकडे हवा नेणारी ती पुरवठा-वाहिनी, आणि यंत्राकडे हवा परत आणणारी ती परत-वाहिनी. त्यांचे जाळे भिंतींच्या आत, माळ्यावर व तळघरात पसरलेले असते. तेच ते वारे या वाटेने पुनःपुन्हा फिरत राहतात.

धूळ बसते आणि बसूनच राहते

कपड्यांचे तंतू, त्वचेचे सूक्ष्म पापुद्रे, पाळीव प्राण्यांचे केस, पायांबरोबर आलेली माती, स्वयंपाकाचा धूर या सर्वांची मिळून घरातील धूळ बनते. तिच्यातील काही भाग वातवाहिन्यांत जाणारच. म्हणून जाळी काढून आत दिवा धरला की धुळीचा थर दिसतो आणि पाहणारा दचकतो. परंतु थर दिसला म्हणजे ती धूळ श्वासात जातेच असे नाही.

याचे कारण प्रवाहाच्या एका नियमात आहे. घरातील वातवाहिन्यांत हवेचा वेग साधारणतः सेकंदाला तीन ते पाच मीटर असतो. पण हा वेग मध्यभागी असतो. नदीच्या मध्यधारेला ओढ असते आणि काठाशी पाणी संथ असते, त्याप्रमाणे नळाच्या पत्र्याला अगदी लागून असलेली हवा जवळजवळ स्थिर असते. छताचा पंखा दिवसभर गरगर फिरत असतो, तरी त्याच्या पात्यांवर धुळीचा काळा थर जमतो, हे प्रत्येक घरात पाहावयास मिळते. पात्यांना चिकटलेली धूळ वाऱ्याने उडत नाही. ती फडक्यानेच पुसावी लागते. वातवाहिनीच्या पत्र्यावरील धुळीचेही असेच आहे.

दुसरी गोष्ट कणांच्या आकाराची. मिलिमीटरच्या हजाराव्या भागास मायक्रॉन म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन भरते. पाण्याइतक्या घनतेचा १० मायक्रॉनचा कण शांत हवेत सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर खाली उतरतो. १ मायक्रॉनच्या कणाचा वेग याच्या शंभराव्या हिश्शाइतकाच असतो, म्हणून तो तासन्‌तास तरंगत राहतो. फुप्फुसांत खोलवर जातात ते हे बारीक कण. नळांत साचून राहते ती मुख्यतः जाड धूळ. डोळ्यांना भिववणारी धूळ आणि श्वासाला बाधणारी धूळ या बहुतांशी दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९७ साली गृहस्थांसाठी या विषयावर एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. वातवाहिन्यांच्या सफाईमुळे आरोग्याच्या तक्रारी टळतात असे सिद्ध झालेले नाही, हा तिचा स्पष्ट अभिप्राय आहे. स्वयंपाक, धूम्रपान, झाडलोट, इतकेच नव्हे तर माणसांची नुसती ये-जा यांमुळे अस्वच्छ नळांपेक्षा अधिक कण हवेत मिसळू शकतात, असेही तीत सांगितले आहे. कॅनडाच्या शासकीय गृहनिर्माण संस्थेने केलेल्या पाहणीतही सफाईमुळे घरातील हवेच्या गुणात, प्रवाहात किंवा इंधनाच्या खर्चात सहसा लक्षणीय फरक पडत नाही, असे आढळले.

खरा वैरी पाणी

कोरडी धूळ निर्जीवासारखी पडून राहते. तिला पाणी मिळाले की चित्र पालटते. बुरशीचे बीजकण हवेत सर्वत्र असतात. अन्न म्हणून धूळ पुरते. उणीव असते ती केवळ ओलाव्याची. हवेचे उष्णतामान २७ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, तर सुमारे १८ ते १९ अंशांहून थंड अशा कोणत्याही पृष्ठभागावर त्या हवेतील बाष्पाचे थेंब जमू लागतात. शीतक यंत्रातून निघणारी हवा याहून थंड असते. म्हणून तापलेल्या, दमट माळ्यावरून जाणाऱ्या वातवाहिनीचे वेष्टण फाटले असेल, तर तिच्या पत्र्याला घाम फुटतो. थंड वेटोळ्याखालच्या तबकातील पाणी नीट वाहून गेले नाही, तर तेथे डबके साचते. बुरशी धरते ती अशा जागी. बुरशीच्या बीजकणांमुळे दमेकऱ्याचा त्रास वाढू शकतो, म्हणून ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नव्हे.

बंद इमारतींतील हवेविषयी लोकांच्या मनात भीती बसविणारी एक घटना १९७६ च्या जुलै महिन्यात फिलाडेल्फिया नगरात घडली. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन एका जुन्या प्रतिष्ठित हॉटेलात भरले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत सुमारे दोनशे लोकांना तीव्र न्यूमोनिया झाला व तिसाच्या आसपास माणसे दगावली. कित्येक महिने कारण सापडेना. अखेर १९७७ च्या जानेवारीत जोसेफ मॅकडेड व चार्ल्स शेपर्ड या शास्त्रज्ञांनी एक अज्ञात जीवाणू शोधून काढला. त्यालाच पुढे लीजिओनेला हे नाव मिळाले. हा जीवाणू कोमट पाण्यात वाढतो आणि पाण्याच्या बारीक तुषारांबरोबर श्वासात जातो. संशयाचा रोख हॉटेलच्या छतावरील, पाण्याने उष्णता बाहेर टाकणाऱ्या मनोऱ्याकडे वळला. घरगुती वातानुकूलन यंत्र हवा थंड करण्यासाठी पाणी वापरीत नाही, म्हणून या जीवाणूला तेथे तसा आश्रय मिळत नाही. फिलाडेल्फियाचा धडा कोरड्या धुळीचा नसून साचलेल्या पाण्याचा आहे.

सफाई कशी करतात

वातवाहिन्या स्वच्छ करणाऱ्या व्यावसायिकांची संघटना अमेरिकेत १९८९ साली स्थापन झाली आणि तिने या कामाची प्रमाणे ठरविली. शास्त्रशुद्ध सफाईची रीत स्थूलमानाने अशी असते. प्रथम यंत्र बंद करतात व सर्व जाळ्या झाकून घेतात. मुख्य वाहिनीला धूळ शोषणारे शक्तिमान यंत्र जोडले की संपूर्ण जाळ्यातील हवेचा दाब खोलीतील दाबापेक्षा कमी होतो. त्यामुळे सुटलेली धूळ घरात न येता यंत्राकडेच ओढली जाते. मग एकेका जाळीतून फिरते ब्रश किंवा दाबाखालील हवेचे झोत आत सोडून थर सुटा करतात. शोषलेली हवा घरातच सोडावयाची असेल, तर ती ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडविणाऱ्या गाळणीतून सोडावी लागते. याबरोबरच पंखा, वेटोळे व पाण्याचे तबक हेही स्वच्छ करावे लागतात; एक जरी भाग मळका राहिला तरी तेथील घाण पुन्हा सर्वत्र पसरते. तपासणीसाठी पत्र्यात पाडलेली भोके शेवटी हवाबंद करणे आवश्यक असते.

हेच काम निष्काळजीपणे केले तर लाभाऐवजी हानी होते. बसलेली धूळ उडून घरभर पसरते, नळांचे सांधे निखळतात. जुन्या घरांत नळांवर ॲस्बेस्टॉसचे वेष्टण असू शकते. ते खरवडले गेल्यास त्याचे घातक तंतू हवेत मिसळतात. अशा वेष्टणास त्या कामाचे शिक्षण घेतलेल्या माणसाखेरीज कोणी हात लावू नये. नळांत जंतुनाशक रसायने फवारण्याचा आग्रह काही विक्रेते धरतात. परंतु ज्या हवेत मुले झोपतात त्या हवेत रसायन मिसळण्यापूर्वी फार विचार केला पाहिजे. काही जण अतिशय स्वल्प दराची जाहिरात करून घरात प्रवेश मिळवितात आणि मग बुरशीची भीती घालून आकडा वाढवितात. आपल्याला पर्यावरण संरक्षण संस्थेची मान्यता आहे, असा दावा कोणी केला तर तोही खरा नव्हे. ती संस्था अशा व्यावसायिकांना प्रमाणपत्र देतच नाही.

सफाई केव्हा करावी

सफाई अवश्य करावी असे प्रसंग मुख्यतः तीन आहेत. नळांच्या आत किंवा यंत्राच्या भागांवर बुरशीची ठळक वाढ दिसत असल्यास. उंदीर-किड्यांनी आत घर केले असल्यास. अथवा कचऱ्याने वाट तुंबून जाळीतून धूळ खोलीत उडताना प्रत्यक्ष दिसत असल्यास. या तिन्ही प्रसंगी सफाईबरोबर मूळ कारणही दूर केले पाहिजे. गळती तशीच ठेवून बुरशी धुतली, तर ती पुन्हा उगवते. बीळ न बुजविता नळ झाडला, तर उंदीर पुन्हा येतात. काचतंतूंचे अस्तर एकदा भिजून बुरशीले की ते धुऊन सुधारत नाही. ते काढून नवेच घालावे लागते.

एरवी गृहस्थाने साध्या गोष्टींकडे लक्ष द्यावे. गाळणी वेळेवर बदलावी. ती तुंबली की पंख्याला दम लागतो आणि वीज अधिक जळते. वाहिन्यांचे सांधे तपासून घ्यावेत, कारण सामान्य घरात वाहिन्यांतून जाणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा फटींतून वाया जाते, आणि परत-वाहिनीची फट माळ्यावरची धूळ आत ओढून घेते. घरातील आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे इंधनावर चालणाऱ्या भट्टीची दरवर्षी तपासणी करावी. ज्वालेचा धूर आणि घरातील हवा यांच्यामध्ये केवळ धातूचा एक पातळ कोश असतो. त्याला तडा गेला किंवा धुराडे तुंबले, तर कार्बन मोनॉक्साइड हा वायू घरात येऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेले माणूस त्याने जागे होत नाही. भट्ट्या, मोटारी, वीजजनित्रे अशा सर्व मार्गांनी मिळून या वायूने अमेरिकेत दरवर्षी चारशेहून अधिक माणसे अपघाताने मरतात. धुळीचा थर डोळ्यांना दिसतो म्हणून त्याची भीती वाटते. जो वायू दिसत नाही त्याची भीती बाळगणे अधिक शहाणपणाचे आहे.

भारतातील घरांविषयी

भारतातील बहुतेक घरांत वातवाहिन्यांचे जाळे नसते. खिडकीत किंवा भिंतीवर बसविलेले यंत्र खोलीतीलच हवा आत घेऊन थंड करते व तेथेच सोडते. चित्रपटगृहे, रुग्णालये, मोठी कार्यालये येथे मात्र वातवाहिन्या असतात. तथापि तत्त्व एकच आहे. घरच्या यंत्राची जाळी वरचेवर धुवावी, वेटोळे स्वच्छ ठेवावे आणि पाणी वाहून नेणारी नळी तुंबू देऊ नये. मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत तर हे विशेष अगत्याचे आहे. नागपूर-विदर्भाकडे उन्हाळ्यात जे कूलर चालतात त्यांतील पाणी अनेक दिवस साचू दिल्यास डेंग्यूचे डास त्यात अंडी घालतात. तेथेही अपाय होतो तो वाऱ्याने नव्हे, साचलेल्या पाण्याने.

मिनेसोटातील त्या घराकडे पुन्हा वळू. दम्याने त्रस्त झालेल्या मुलासाठी आईबापांनी प्रथम वैद्याचा सल्ला घ्यावा. मग त्याचे अंथरूण, खोलीतील गालिचा, घरातील धूम्रपान, भिंतीवरचा ओलावा आणि यंत्राची गाळणी क्रमाने पाहावी. वातवाहिनीत दिवा धरून पाहण्यासही हरकत नाही. तेथे बुरशी, उंदीर किंवा तुंबलेली वाट आढळली, तर जाणत्या माणसाकडून सफाई करून घ्यावी. नुसतीच कोरडी धूळ आढळली, तर जाळी पुन्हा बसवून द्यावी, आणि वाचलेल्या पैशातून आधी भट्टी तपासून घ्यावी.