टेकडीवर पाणी वाहणारे

वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, पर्वती-तळजई यांचे जुने कृष्णधवल फोटो पाहिले की आजच्या पुणेकराला त्या ओळखूच येत नाहीत. नुसतं गवत, मधूनमधून उघडा खडक, कुठे एखादी बोर नाहीतर हिवर. सरपण तिथूनच यायचं, गुरंही तिथेच चरायची. दगडही इथूनच काढला गेला. वेताळ टेकडीवरच्या खाणीचा खड्डा आजही आहे. गेल्या चार दशकांत या टेकड्यांचं रूप पार पालटलं. ते कोणी पालटलं आणि कसं, हे नीट लिहून ठेवायला हवं. कारण वृक्षारोपणाच्या बातमीत खड्ड्याशेजारी उभी असलेली माणसं दिसतात, मे महिन्यात पाणी घेऊन चढणारी दिसत नाहीत.

पहिला टप्पा वन खात्याचा. ऐंशीच्या दशकात टेकड्यांवर गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, मोठ्या प्रमाणावर लागलं. झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. आज त्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. जमीन मुरमाड, माती वीतभर, पाऊस जेमतेम ७०० मिलिमीटर आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. अशा ठिकाणी फांदी खोचली तरी फुटणारं, शेळ्यामेंढ्या सहसा तोंड लावत नाहीत असं आणि मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देणारं झाड हाताशी होतं. टेकडी झटपट हिरवी झाली. किंमत पुढे कळली. दाट गिरिपुष्पाखाली गवत टिकत नाही, देशी रोपाला ऊन मिळत नाही, आणि गवत गेलं की चंडोलासारखी गवतात घरटी करणारी पाखरंही तिथून उठतात. उघडं माळरान म्हणजे रिकामी जागा, असं तेव्हा सगळेच धरून चालत होते.

दुसरा टप्पा फिरायला येणाऱ्यांचा. त्याला कोणतीही एक तारीख नाही. कोणीतरी पावसाळ्यात लिंबाचं रोप लावलं, फेब्रुवारीत ते कोमेजलेलं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी येताना बाटलीभर पाणी आणलं. मग शेजारच्या सोसायटीतले दोघे आले, शाळेची मुलं आली, एनएसएसची पोरं आली. प्रत्येक टेकडीवर असे सकाळचे गट उभे राहिले. बऱ्याच जणांना एकमेकांचं आडनाव माहीत नसतं, पण कोणाचं झाड कोणतं हे पक्कं ठाऊक असतं.

हे काम दिसायला साधं आहे, पण त्यात बारकावे फार. उतारावर गोल आळं उपयोगाचं नाही. खालच्या बाजूला चंद्रकोरीसारखा मातीदगडांचा बांध घालावा लागतो, नाहीतर पाणी मुळाशी मुरायच्या आत वाहून जातं. आळ्यात वाळक्या पानांचा थर, रोपाला काठीचा आधार, सुतळी सैल, आणि भोवती बोराटीच्या फांद्या. पाणी गोडेतेलाच्या रिकाम्या पाच लिटरच्या कॅनमधून येतं. दोन हातांत दोन कॅन घेऊन साठीच्या पुढची माणसं चढ चढतात. एप्रिलमध्ये रोप पार निष्पर्ण होतं, तेव्हा नवखा विचारतो, "काका, हे गेलं का?" काका म्हणतात, "नखाने साल खरवडून बघ." आत हिरवं दिसलं की पाणी घालायचं. पळस, पांगारा, सालई, मोई ही मंडळी उन्हाळ्यात अशीच उघडी असतात. नवख्याने त्यांना मेलेलं समजून उपटल्याचे प्रकारही झाले आहेत. झाड स्वतःच्या बळावर उभं राहायला साधारण तीन उन्हाळे लागतात. ते काढले की मुळं खडकाच्या भेगांत उतरतात आणि माणसाची गरज संपते.

पाण्याच्या जोडीने दुसरी लढाई वणव्याची. पावसाळ्यानंतर कंबरेएवढं वाढलेलं गवत फेब्रुवारी-मार्चमध्ये कडकडीत वाळतं. एक पेटती काडी पुरते आणि दोन-तीन वर्षं जपलेली रोपं तासाभरात जातात. म्हणून थंडीतच विळे घेऊन जाळपट्टे काढायचे, रोपांभोवतीचं गवत कापायचं. हे काम कोणत्याही उद्घाटनाच्या फोटोत येत नाही.

मधल्या काळात सरकारी आकडे फुगत गेले. राज्यात २०१६ साली २ कोटी रोपांचा संकल्प होता, २०१९ साली तो ३३ कोटींवर गेला. एवढ्या मोठ्या प्रमाणावर झाडांचं नाव घराघरांत पोहोचलं, हे चांगलंच झालं. पण मोजणी खड्ड्यांची होते तोवर जगवणाऱ्याला त्यात जागा नसते. याउलट पुण्यातल्या वारज्याला २०१५ पासून सुमारे १७ हेक्टर वनजमिनीवर वन खातं, संस्था आणि स्थानिक माणसं यांनी मिळून शहरी वन उभं केलं. केंद्र सरकारने ५ जून २०२० रोजी २०० शहरांसाठी नगर वन योजना जाहीर केली, तेव्हा नमुना म्हणून वारजेच पुढे ठेवलं. त्याच उन्हाळ्यात टाळेबंदीमुळे टेकड्या बंद होत्या आणि पाणी घालणारे गट घरात अडकले होते.

मला या सगळ्या वर्षांत सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट झाडांच्या संख्येत सापडत नाही. ज्यांनी पाणी वाहिलं, तेच पुढे टेकडीसाठी उभे राहिले. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण राहावं म्हणून नागरिकांनी वर्षानुवर्षं सह्या गोळा केल्या, निवेदनं दिली; २०१५ साली राज्य सरकारने ते मान्य केलं. वेताळ टेकडीवरून आखलेल्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये मोर्चा निघाला, त्यात सकाळी भेटणारे चेहरे मोठ्या संख्येने होते. ज्याच्या हातचं झाड त्या वाटेवर आहे, त्याला नकाशावरची रेघ वेगळी दिसते.

आता कामाची रीत बदलते आहे आणि ती योग्य दिशेने बदलते आहे. गिरिपुष्प एकदम तोडण्याऐवजी थोडं थोडं विरळ करून त्या सावलीत देशी रोपं लावली जात आहेत. उन्हाळ्यात बिया गोळा होतात. गवताळ पठारं मोकळी ठेवायची, तिथे खड्डे घ्यायचे नाहीत, हा आग्रह अजून पुरेसा रुजलेला नाही; तो धरलाच पाहिजे. आणि महापालिकेने दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक टेकडीच्या पायथ्याशी आणि माथ्यावर पाण्याची टाकी द्यावी, आणि वृक्षारोपणाच्या प्रत्येक अंदाजपत्रकात रोपांच्या किमतीशेजारी तीन उन्हाळ्यांच्या पाण्याचा आणि राखणीचा खर्च लिहावा. तो लिहिलेला नसेल, तर त्या वर्षी रोपं कमी लावावीत.