टेक्स्चरच्या मागची भिंत

जळगाव असो की धुळे, नव्या घरात टीव्हीमागची एक भिंत ‘वेगळी’ करायचीच, असा आता रिवाज पडला आहे. कुणाला संगमरवर हवा, कुणाला लाकूड, कुणाला नुसता खरखरीतपणा. रंगारी अल्बम उघडतो, घरातले बोट ठेवतात आणि त्या अल्बमसोबत काही ठाम समजुतीही घरात शिरतात.

सगळ्यांत महाग पडणारी समजूत म्हणजे टेक्स्चरने ओल झाकते. झाकते, एखादा पावसाळा. पण गच्चीतून, जोत्यातून किंवा न्हाणीघरातल्या गळक्या पाइपातून येणारं पाणी त्याने थांबत नाही. या पाण्याबरोबर विटा-सिमेंटातले क्षार वर येतात, पाणी उडालं की त्यांचे स्फटिक होतात आणि ते गिलावा आतून फोडतात. यालाच आपण लोणा म्हणतो. वर ॲक्रिलिकचा जाड थर असेल तर ओलीला बाहेर पडायलाही जागा उरत नाही. मग साध्या रंगाचे पापुद्रे निघाले असते तिथे टेक्स्चरचे तळहाताएवढे पोपडे सुटतात. शंका असेल तर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला गच्च लावा आणि दुसऱ्या दिवशी काढा. भिंतीकडच्या अंगाला दव दिसलं, तर रंगाऱ्याआधी प्लंबरला बोलवा.

भेगांचंही तेच. केसाएवढी भेग जाड थरात खरोखर जिरते. पण तापीखोऱ्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि पाया कच्चा असला तर तिच्यासोबत घरही हलतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग दर उन्हाळ्यात रुंदावत असेल, तर तिच्यावर टेक्स्चर म्हणजे पैसे पाण्यात. ते काम इंजिनिअरचं.

‘जाड थराने खोली गार राहते’ हे निव्वळ दुकानदारी वाक्य. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. दोन-तीन मिलिमीटरचा थर त्याच्यापुढे काय करणार? खान्देशातली धाब्याची घरं गार राहायची ती मातीच्या हातभर जाड भिंतींमुळे आणि डोक्यावरच्या मातीच्या धाब्यामुळे. गारवा हवा असेल तर ते पैसे गच्चीवरच्या पांढऱ्या, ऊन परतवणाऱ्या थरात घाला.

उन्हाळ्यातच रंगकाम करावं, हे मात्र अर्धं खरं आहे. भिंत तेव्हा खडखडीत वाळलेली असते. पण दुपारी तापलेल्या भिंतीवर रंग हाताखालीच सुकतो. संगमरवरी छटा ओल्या रंगावर स्पंज किंवा पत्रा फिरवून काढायची असते. रंग आधीच सुकला तर जोडाचे पट्टे कायमचे दिसतात. म्हणून काम सकाळी धरा, पंखा बंद ठेवा आणि एक भिंत एका दमात संपवा.

ही सगळी नक्कल म्हणजे परदेशी फॅशन, असं नाक मुरडणारेही भेटतात. त्यांनी जळगावहून साठेक किलोमीटरवरच्या अजिंठ्याला जावं. एकोणीस आणि सव्वीस क्रमांकाच्या लेण्यांत छताला जणू लाकडी तुळयांच्या फासळ्या आहेत. त्या दगडातच कोरलेल्या आहेत, छत पेलायला त्यांची काहीएक गरज नाही. लाकडी बांधकामाची ही दगडातली नक्कल पाचव्या शतकातली! तिथल्या चित्रांना सर्रास ‘फ्रेस्को’ म्हणतात, तेही चूक. फ्रेस्को ओल्या चुन्यावर रंगवतात. अजिंठ्याचे रंग चिकट द्रव्यात कालवून सुक्या पृष्ठभागावर दिलेले आहेत. आणि त्याआधीची तयारी पाहा: खडबडीत कोरलेल्या खडकावर तंतू आणि भुसा घातलेला मातीचा गिलावा, त्यावर बारीक मातीचा हात, मग चुन्याचा पातळ लेप, आणि त्यानंतर कुठे कुंचला. जिथे चित्रं गेली, तिथे अनेकदा रंग विटलेला नाही. गिलावाच खडकापासून सुटला आहे. आपल्याकडे मात्र पुट्टी सुकायच्या आत प्राइमर लावायची घाई.

जुन्या घराच्या भिंती घासायला काढताना आणखी एक सावधगिरी हवी. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची कायदेशीर मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नका. पाणी मारून घासा आणि तेवढा वेळ लहान मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवा.

काम ठरवण्याआधी रंगाऱ्याकडून दोन फुटी प्लायवर नमुना करून घ्या आणि तो संध्याकाळी घरातल्याच दिव्याखाली पाहा. शेड नंबर लिहून ठेवा, उरलेला माल जपून ठेवा. उद्या इलेक्ट्रिशियनने भिंत खोदली, तर ठिगळ बेमालूम बसवायला तोच माल लागेल, आणि जमलं तर तोच कारागीर.