उन्हाळा ओळखणारे विमान

आष्टीतल्या विद्यार्थ्याला संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी सेसना १५२ हे दोन आसनी, ११० अश्वशक्तीचे विमान विकत घ्यायचे आहे. त्याची प्रतिरूपे अनेक, निवडायचे कोणते? विदर्भाचा उन्हाळा ज्याला कळतो, ते!

दाब तोच ठेवून हवेचे तापमान १५ वरून ४५ अंश सेल्सिअस केले, की केल्व्हिनमध्ये २८८ चे ३१८ होतात आणि घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. विमानाला धावपट्टीवर जास्त धावावे लागते.

म्हणून पैसे देण्यापूर्वी, ज्याच्याकडे ते असेल त्याच्या संगणकावर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून दोन्ही तापमानांना उड्डाण करून अंतर मोजू या. अंतरे सारखीच आली, तर रंगरूप कितीही देखणे असो, ते विमान नव्हे, नुसते चित्र.